पानशेत अभ्यासक्रमात कधी येणार?

प्रति,
अधिष्ठाता आणि अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य,
अभियांत्रिकी विद्याशाखा, महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे.



नव्या शैक्षणिक धोरणाला धरून आपण बी.ई., बी.टेक.चे अभ्यासक्रम नव्याने बांधत आहात. एकेका वर्षाचा आराखडा जाहीर होतो, त्याची पीडीएफ आमच्या स्टाफच्या ग्रुपवर येते आणि आम्ही सगळे आधी तासांचा तक्ता उघडतो, कारण कुणाच्या डोक्यावर किती लोड येणार ते तिथे कळते. या तक्त्यात हल्ली एक नवी वस्ती वाढली आहे. एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी, ओपन इलेक्टिव्ह, मल्टिडिसिप्लिनरी मायनर. भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, अर्थशास्त्र, पर्यावरण, संविधान असे बरेच काही या आद्याक्षरांमागे दडले आहे. विद्यार्थ्यांनी त्या सगळ्यांना मिळून एकच नाव ठेवले आहे, 'टाइमपास सब्जेक्ट'. आणि खरे सांगायचे तर ते नाव आमच्या स्टाफरूममध्येही चालते.

मी सिव्हिलचा मास्तर. फ्लुइड मेकॅनिक्स आणि हायड्रॉलॉजी हे माझे विषय. ज्या वर्षी लोड पुरा भरत नाही त्या वर्षी संविधान, पर्यावरण किंवा मानवी मूल्ये यांतले जे उरले असेल ते माझ्या गळ्यात पडते. "तुमचे दोन तास कमी पडतायत ना सर, मग एथिक्स घ्या," एवढ्यावर नेमणूक होते. हायड्रॉलॉजी शिकवायला एम.ई. लागते, एथिक्सला मोकळा तास पुरतो. टाइमटेबलात त्याला जागा मिळते ती शनिवारी पहिल्या तासाला, नाहीतर प्रॅक्टिकल संपल्यावर, मुले बसस्टॉपच्या वाटेला लागलेली असताना.

तरी हे विषय काढून टाका असे सांगायला मी हे पत्र लिहीत नाही. त्यांना वजन द्या आणि त्यांतला मजकूर इथल्या धरणांतून, पुलांतून, पाणीवाटपाच्या भांडणांतून घ्या, एवढे मागायचे आहे. का मागतो आहे, ते जरा सविस्तर सांगतो.

१५ सप्टेंबरला आपण सगळे अभियंता दिन साजरा करतो. विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घातला जातो, खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांचा उल्लेख होतो, पाहुणे बोलतात, चहा होतो. विश्वेश्वरय्या पुण्याला इंजिनिअरिंग शिकायला आले ते १८८१ साली बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. होऊन, हे मात्र त्या भाषणांत मी अजून ऐकलेले नाही. मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर 'ब्लॉक' पद्धत आणली. तिच्यात बांधकाम थोडे आणि माणसांशी व्यवहार जास्त होता. कालवा तोच, पाणी तेवढेच. कोणत्या पट्ट्याला कधी, उसाला किती आणि भुसाराला किती, हे ठरवायचे आणि शेतकऱ्यांच्या गळी उतरवायचे. पुढे १९३४ साली याच माणसाने भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. बी.ए.च्या पदवीमुळे ते मोठे झाले असा माझा दावा नाही. पण त्यांच्या कामाचा जवळजवळ निम्मा भाग आज आपल्या तक्त्यात ज्या कोपऱ्यात पडेल, त्या कोपऱ्याला आपण काही किंमत ठेवलेली नाही. एआयसीटीईने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात एकूण क्रेडिट १६० वर आणली, ते चांगलेच केले. पण त्याच कागदात पर्यावरण, संविधान आणि परंपरागत ज्ञान हे विषय अनिवार्य, आणि क्रेडिट शून्य! विद्यार्थी गणिताचा पक्का असतो. शून्य म्हणजे शून्य, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

आता एथिक्सचेच घ्या. एक पीपीटी आहे, ती या कॉलेजातून त्या कॉलेजात फिरत असते. तिच्यात 'चॅलेंजर' यान हमखास असते. २८ जानेवारी १९८६, थंडीने ताठरलेल्या ओ-रिंग, आदल्या रात्री 'उड्डाण पुढे ढकला' म्हणणारे इंजिनिअर आणि त्यांचे न ऐकणारे व्यवस्थापन. केस उत्तमच आहे, मीही ती शिकवतो. पण मुठेच्या काठापासून हाकेच्या अंतरावर बसलेल्या वर्गाला फ्लोरिडातली हकिगत तासभर ऐकवायची आणि पानशेतचे नावही काढायचे नाही, याला काय म्हणावे?

पानशेतची केस आपल्याला ठाऊक आहे, तरी मांडतो. आंबी नदीवरचे मातीचे धरण, काम अजून पुरे व्हायचे होते. पाणी सोडण्याच्या विमोचकाचे काम अपुरे होते. तरीही १९६१ च्या पावसाळ्यात धरण भरू दिले गेले, कारण ठरल्यापेक्षा आधी काम पुरे करून दाखवायची घाई होती. धरण खचायला लागल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही आणि बघता बघता नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. चौकशीला आयोग नेमला गेला, त्याचे काम अर्ध्यावर राहिले, मग दुसरा नेमावा लागला. ज्या घरांत त्या दिवशी पाणी शिरले त्या घरांतली नातवंडे-पतवंडे आज आमच्या वर्गात बसतात. पानशेत त्यांना माहीत असते ते आजीच्या तोंडून, भिंतीवर पाणी कुठपर्यंत आले होते एवढ्यापुरते.

या एका घटनेत काय नाही? पाणलोटात किती पाऊस झाला आणि धरण किती वेगाने भरले, हे हायड्रॉलॉजी. दरवाजा धड बसलेला नसताना मोरीतून पाणी सुसाट जाते तेव्हा काय होते, हे हायड्रॉलिक्स. मोरीवरचा मातीचा भराव का खचतो, हे सॉइल मेकॅनिक्स. आणि त्याच्याच पुढचा प्रश्न, घाई कुणाला होती, 'थांबा' असे फाइलवर कुणी लिहायला हवे होते, लिहिले असते तर ती फाइल कुठवर गेली असती. आमच्या परीक्षेत एथिक्सचा प्रश्न येतो तो असा: 'नीतिमूल्ये म्हणजे काय? त्यांचे प्रकार लिहा. (५ गुण)'. मी असा विचारीन: समजा, भराव खचू लागला आहे त्या रात्री तुम्ही धरणावर डेप्युटी इंजिनिअर आहात. वरून निरोप आहे, शहरात घबराट पसरवू नका. तुम्ही कुणाला, कोणत्या शब्दांत आणि किती वाजता कळवाल? कळवण्याचा अधिकार तुम्हाला कुठून मिळतो? या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर चालत नाही, आणि धरण कसे फुटते हे ठाऊक नसेल तर ते सुचतही नाही.

पानशेतला साठ वर्षे उलटून गेली म्हणून कुणी जुनी गोष्ट म्हणेल, तर ताज्याही आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटी बसगाड्यांसकट वाहून गेला. १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला. त्याच्या स्ट्रक्चरल ऑडिटने तो किरकोळ दुरुस्तीवर वापरण्याजोगा ठरवला होता. ऑडिटच्या अहवालावर सही करणे म्हणजे नेमके काय, ती सही कायद्याने कुणाला कुठे बांधते, हे बी.ई. होऊन बाहेर पडणाऱ्या आमच्या मुलांना कुठल्याही विषयात शिकवले जात नाही. पाच वर्षांत त्यातल्या कुणाची ना कुणाची सही अशा कागदावर पडणार आहे.

एवढे दिवस लोक म्हणत आले की हे सगळे विषय 'सॉफ्ट', तांत्रिक विषयाला पूरक. मला हा 'पूरक'च पटत नाही. का ते वर्गातल्या एका उदाहरणाने सांगतो.

विलासराव साळुंखे हे पुण्यातले इंजिनिअर आणि उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात हिंडले आणि मग नायगावात देवस्थानची पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेऊन तिथेच कामाला लागले. त्यातून पाणीपंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडक्यात असे: पाणी जमिनीच्या एकरांवर मिळणार नाही, घरातल्या माणसांवर मिळेल, माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही.

मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला एक काल्पनिक गाव देतो. उपसा योजनेतून ६० एकर भिजतील एवढे पाणी. २४ कुटुंबे, घरटी ५ माणसे. चार कुटुंबांकडे मिळून ६० एकरांहून जास्त रान, तेही नदीच्या अंगाला. सहा कुटुंबे भूमिहीन. पाइपलाइनचे डिझाइन करा. सगळे कॅल्क्युलेटर काढतात, हेड लॉस, पंपाचा एचपी, पाइपचा व्यास, वीस मिनिटांत उत्तर तयार. लाइन त्या चार कुटुंबांच्या रानात जाते आणि संपते. मग मी फळ्यावर पाणीपंचायतीचा नियम लिहितो. १२० माणसे, अर्धा अर्धा एकर, म्हणजे तेच ६० एकर, पण २४ ठिकाणी. आता लाइन वर चढते, तिला फाटे फुटतात, वाटपाच्या चेंबरची संख्या वाढते, शेवटच्या टोकाला दाब पुरत नाही म्हणून व्यास बदलावा लागतो, पंपही बदलतो. नियम बदलला आणि डिझाइन बदलले. पहिल्या वेळी कुणीच नियम विचारला नव्हता. 'ज्याची जमीन त्याचे पाणी' हा नियम मुलांनी न विचारता धरला होता, तेही आपण काही धरले आहे याची जाणीव नसताना.

त्यावर वर्गात जुंपते. ऊसपट्ट्यातला एक मुलगा म्हणाला, "सर, जमीन त्याची, लाइटबिल तोच जास्त भरणार, मग पाणी त्याला जास्त यात चुकले काय?" मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज आला, "का रे, पाऊस काय सातबारा बघून पडतो का?" तो मुलगाही गप्प बसणारा नव्हता. खर्चाचा वाटा कसा ठरवायचा, भूमिहीनाने पाणी घेऊन करायचे काय, असे त्याचे प्रश्न रास्त होते, आणि पाणीपंचायतीलाही त्यांची उत्तरे शोधावी लागली होती. भूमिहीन आपल्या वाट्याचे पाणी दुसऱ्याच्या रानात बटाईने वापरू शकत होता. तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. हे मी हायड्रॉलिक्सच्या तासाला केले. मूल्यशिक्षणाच्या तासाला करायला गेलो असतो तर पंपाचे गणित 'सिलॅबसबाहेर' ठरले असते.

ज्ञानपरंपरेच्या विषयाबद्दलही हेच म्हणणे आहे. आयकेएसच्या नावाखाली सध्या जे चालते त्यात पुराणातली विमाने जरा बाजूला ठेवू, त्यावर बोलून तोंड कडू करायला नको. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, आणि पाण्याची पाळी सांभाळायला पाटकरी, राखणीला जागले, त्यांच्यावर हवालदार. पाटाचा उतार इतका बेताचा की पाणी धावूही नये आणि साचूही नये. ही खरी ज्ञानपरंपरा, आणि ती लेव्हलिंग मशिन लावून मोजता येते. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरची नहर आहे, पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात आणलेले पाणी आहे. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला कॉलेजच्या मैदानावरचे तेच तेच चार खुंट मोजण्यापेक्षा मुलांनी एखाद्या जुन्या पाटाचा उतार मोजावा, तो कुणी, कशाच्या जोरावर आणि किती वर्षे राखला ते गावात बसून विचारावे. त्यात सर्व्हे झाला, आयकेएस झाले, समाजशास्त्रही झाले.

पर्यावरणाच्या विषयाचे काय झाले ते आपल्यासमोर आहेच. एम. सी. मेहता खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणशिक्षण सक्तीचे करायला सांगितले. पुढे यूजीसीने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला, त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचांनी लिहिले. त्या मूळ आराखड्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रभेटीला होते: जवळची नदी, टेकडी, माळरान, प्रदूषित जागा प्रत्यक्ष बघून नोंद करा. कल्पना चांगली होती. आज ती क्षेत्रभेट सीनियरच्या फाइलमध्ये होते. नाव खोडायचे, नवे घालायचे, नदीचा तोच फोटो, तारीख बदललेली. सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानापुढे जी रांग लागते ती या विषयाची क्षेत्रभेट.

कागद भरण्यात आम्हीही काही कमी नाही. २०१४ साली भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, त्यानंतर मानांकन देणाऱ्या एनबीएच्या बारा प्रोग्रॅम आउटकम्सभोवती आमचे आयुष्य फिरत राहिले. त्या बारांत अभियंता आणि समाज, पर्यावरण, नैतिकता, संघकार्य, संवाद, प्रकल्पाचा पैसा आणि आयुष्यभर शिकत राहणे, असे सात मुद्दे समीकरणात न बसणारे. निम्म्याहून जास्त! त्यांची पूर्तता कशी दाखवतात? सीओ-पीओ मॅपिंगच्या तक्त्यात १, २, ३ असे आकडे भरून. समितीसमोर अटेनमेंट २.१ निघते. हे २.१ नैतिकता म्हणजे काय, हे आजवर मला कुणी सांगू शकलेले नाही.

आपण म्हणाल, मुलांना नोकऱ्या हव्यात, कंपन्या कोडिंग विचारतात, त्यात हे कुठे बसवायचे? रास्त आहे. पालकांनी कर्ज काढून फी भरलेली असते, त्यांच्यापुढे पाणीपंचायत घेऊन जाता येत नाही. म्हणूनच मी तास वाढवून मागत नाही. आहेत तेच तास दोन-दोन क्रेडिटच्या तुकड्यांत विखुरले आहेत, ते एकत्र करा. सहा तुकड्यांत सहा पीपीटी बघण्यापेक्षा चार क्रेडिटचा एकच घसघशीत विषय द्या, ज्यात नापास होता येते. ज्यात केटी लागत नाही त्या विषयाला पोरे किंमत देत नाहीत, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

हे कुठेच होत नाही असेही नाही. आयआयटी मुंबईत मानव्यविद्या आणि समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. बी.टेक.च्या मुलांना अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, साहित्य हे विषय त्या त्या विषयाचे प्राध्यापक शिकवत आले आहेत. तिथल्याच 'सितारा' या केंद्रात मुले गावात जाऊन पाणीपुरवठा योजना का बंद पडली याचा छडा लावतात आणि त्याला रीतसर क्रेडिट मिळते. त्याच धर्तीवर राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने २०१६ साली उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले, की जिल्ह्यातल्या कॉलेजांनी जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासावेत. शासनाचा निर्णय हाताशी आहे, नमुना हाताशी आहे. कमी आहे ती आपल्या तक्त्यातल्या जागेची.

आणखी एक मागणे, जरा अवघड. या विषयांची उत्तरे मराठीत लिहायची मुभा द्या. नंदुरबार, लातूर, गडचिरोलीहून आलेली मुले फ्लुइडचे गणित इंग्रजीत सोडवतात, त्यात त्यांचे काही अडत नाही, कारण गणिताला फार भाषा लागत नाही. पण आपल्या गावची नळयोजना का बुडाली, हे त्यांना इंग्रजीत लिहायला सांगितले की उत्तर चार पाठ केलेल्या ओळींवर येते: 'लॅक ऑफ अवेअरनेस, लॅक ऑफ फंड्स'. हीच मुले कँटीनमध्ये तीच हकिगत ठेकेदाराच्या नावासकट, पाण्याच्या टाकीच्या उंचीसकट सांगतात. ते उत्तर आम्हाला पेपरात वाचायचे आहे.

राहिला प्रश्न शिकवणार कोण. आपल्या विद्यापीठांत अर्थशास्त्र, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्राचे विभाग आहेत. तिथून पीएच.डी. झालेली माणसे तासिका तत्त्वावर तीन-तीन कॉलेजांत धावत असतात. अभियांत्रिकी कॉलेजात त्यांना एक पूर्ण वेळ पद द्या, सिव्हिल किंवा मेकॅनिकलच्या मास्तराबरोबर एकाच वर्गात उभे करा. मला एकट्याला पानशेतच्या आयोगाचा अहवाल कायद्याच्या अंगाने शिकवता येणार नाही, त्यांना एकट्याला विमोचकाचे गणित येणार नाही.

प्रत्येक कॉलेजाने आपल्या जिल्ह्यातली एक केस निवडावी, कागदपत्रे जमवावीत, त्यांची विद्यापीठाने एक पोथी करावी, अशी माझी सूचना आहे. पानशेतचा पहिला मसुदा करायला मी आणि आमच्या विभागातले आणखी दोघे तयार आहोत. मे महिन्याच्या सुट्टीत बसतो, मानधन नको. त्याला चार क्रेडिट द्या, एक पूर्ण वेळ समाजशास्त्राचा माणूस द्या, आणि टाइमटेबलात शनिवार सोडून कोणताही वार द्या.

कळावे,

आपला नम्र,
सिव्हिल विभागातला एक अध्यापक